मटिल्डाच्या अंगावरच्या सरळ रेषा

वाळवंटात क्षितिज सोडलं तर सरळ रेष सापडत नाही. दगड, कोरडे ओहोळ, खुरट्या झुडपांच्या सावल्या, सगळं झिजलेलं नाहीतर वाकडंतिकडं. तरीही 1940 साली इजिप्तमधल्या ब्रिटिश सैन्याने आपले रणगाडे रंगवले ते पट्टीने आखल्यासारख्या तिरप्या रेषांनी. माझ्या एका मित्राने बनवलेलं मटिल्डा रणगाड्याचं मॉडेल हातात घेतलं की आधी डोळ्यांत भरतात त्या याच रेषा. फिकट पिवळा, करडा आणि गडद हिरवट राखाडी अशा तीन रंगांचे धारदार तुकडे अंगभर कललेले. दिसू नये म्हणून रंगवलेल्या वस्तूकडे आपण टक लावून पाहत बसतो. या मॉडेलची सगळी गोडी मला या विसंगतीत सापडते, आणि बनवणाऱ्यालाही ती पक्की ठाऊक असावी.

मटिल्डा ही पायदळाच्या सोबतीला चालणारी गाडी. सैनिकांच्या पावलाला पाऊल मिळवायचं म्हणून ताशी 24 किलोमीटरचा वेग पुरेसा मानला गेला आणि सगळा भर पडला चिलखतावर: पुढच्या बाजूला 78 मिलिमीटर, एकूण वजन सुमारे 27 टन. डिसेंबर 1940 मध्ये इटालियन तोफांचे गोळे तिच्यावरून निसटून गेले आणि ती ‘वाळवंटाची राणी’ झाली. चित्रकाराच्या नजरेने पाहिलं तर तिच्यात आणखी एक सोय आहे. बहुतेक रणगाड्यांची चाकं उघडी असतात. मटिल्डाची चाकं पोलादी झापांमागे दडलेली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंना सलग सपाट भिंत मिळते, आणि छलावरणाच्या (कॅमोफ्लाजच्या) रंगांना असा फलक दुसऱ्या गाडीवर क्वचितच मिळाला असेल.

खरी मटिल्डा साडेपाच मीटरांहून थोडी लांब. 1/35 प्रमाणात ती 16 सेंटिमीटरांची होते. हे किट जपानच्या तामिया कंपनीचं, 2009 मध्ये नव्या साच्यांतून आलेलं. 1/35 हा विचित्र आकडा आला कुठून? 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा आकार ठरला आणि मग मोजलं तेव्हा प्रमाण निघालं 1/35. आज जगभरचे शौकीन ज्या मापात काम करतात त्याचं मूळ बॅटरीच्या घेरात आहे.

मटिल्डावरच्या त्या तिरप्या रेषांना कॉन्टर योजना म्हणतात, ब्रिगेडियर जॉन कॉन्टर यांच्या नावावरून. गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा आराखडा असे. गाडी लपवावी यापेक्षा तिचा आकार फोडावा असा हेतू: बुरूज कुठे संपतो, धड कुठे सुरू होतं, तोंड कुठल्या दिशेला आहे, हे लांबून चटकन कळू नये. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांना चकवण्यासाठी जहाजांवर रंगवलेल्या भौमितिक पट्ट्यांशी मला याचं नातं लागतंसं वाटतं. 1941 सरता सरता ही योजना मागे पडली. आयुष्य दीड वर्षाचं, पण मॉडेलवाल्यांना तिने कायमचा लळा लावला.

आणि कायमचा वादही दिला. कित्येक वर्षं जगभरच्या मॉडेलवाल्यांनी यातला करडा पट्टा चक्क आकाशी निळ्या रंगात रंगवला. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातली मटिल्डा निळसर पट्ट्यांत रंगवलेली होती, ती पाहून लोक रंगवत गेले. पुढे माइक स्टार्मर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळचे आदेश आणि ब्रिटिश मानक रंगांचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा रंग ठरले ते असे: तळाला पोर्टलंड स्टोन किंवा लाइट स्टोन, त्यावर सिल्व्हर ग्रे आणि स्लेट. निळा कुठेच नाही. मित्राने हेच रंग वापरले आहेत. तरी त्याचं मॉडेल पाहणारा दहापैकी आठ वेळा म्हणतो, “हा निळा मस्त जमलाय!”

त्याच्या करड्यात निळ्याचा थेंब नसेल, पण पाहणाराही खोटं बोलत नसतो. पिवळसर रंगाशेजारी करडा ठेवला की डोळा त्या करड्यात पिवळ्याचा विरोधी रंग भरतो. मिशेल शेव्हरूल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबेलँ गालिच्यांच्या कारखान्यात रंगशाळा सांभाळत होता. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. यावर त्याने 1839 मध्ये ग्रंथच लिहिला. मटिल्डाच्या अंगावर तेच घडतं. ज्यांनी निळा रंग लावला त्यांनी डोळ्याला दिसणारी गोष्ट डबीतून काढून लावली आणि ती दुप्पट झाली. मित्राने करडा लावून निळं करायचं काम शेजारच्या पिवळ्यावर सोपवलं. मॉडेलमधली ही मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा.

रंगवण्याचा क्रम सांगायला सोपा आहे: प्रायमर, त्यावर सर्वत्र फिकट पिवळा, मग मास्किंग टेप लावून करडा, पुन्हा टेप, मग स्लेट. अवघड आहे ती टेपची कड. तिच्याखाली रंग झिरपला तर रेषेला दात येतात. म्हणून कडेवर आधी खालचाच पिवळा पुन्हा एकदा फवारायचा. झिरपेल तो पिवळ्यात पिवळा, आणि फट बंद होते. रंगाचा थरही कागदाहून पातळ हवा. मॉडेलवरचा दहावा हिस्सा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन मिलिमीटरांचा लेप. एवढ्यात रिव्हेटांची डोकी बुजतात.

सपाट झापांवर हे सगळं निभतं. खरी परीक्षा बुरुजावर. आराखडा बाजूने पाहून काढलेला, म्हणजे कागदावर सरळ. बुरूज ओतीव, गोलसर. सरळ टेप गोल पृष्ठावर चिकटवली की ती आपल्या मर्जीने वळते आणि बाजूने पाहिल्यावर रेष वाकलेली दिसते. ती सरळ दिसावी म्हणून टेप वाकडी लावावी लागते. मित्राने टेपचे बारीक पट्टे कापले, थोडं थोडं वळवत बसवले आणि दर वेळी मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिलं. डावीकडून पाहिलं तर रेष बुरुजावरून खाली झापेपर्यंत न अडखळता उतरते. मॉडेल थोडं फिरवलं की तीच रेष मोडते. दोष म्हणून दाखवावी अशी ही गोष्ट नाही. ठरलेल्या एका कोनातूनच जुळणं हा त्या आराखड्याचा धर्म आहे. त्यात बुरूज फिरता ठेवलाय. तो तिरका केला की वरचे तुकडे आणि खालचे तुकडे यांचं भांडण लागतं, आणि मला ती मटिल्डा जास्त आवडते.

एवढं नेटकं रंगवून झाल्यावर त्याने ते मळवायला घेतलं. तेव्हा त्याची आई म्हणाली, “अरे, इतकं छान झालं होतं, आता माती का फासतोयस?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या कलेच्या गाभ्याशी जातं. छलावरण आकार फोडतं. मॉडेलवाल्याला आकार दाखवायचा असतो. म्हणून आधी तीन रंगांनी मोडलेला आकार तो पातळ तपकिरी तैलरंगाने पुन्हा उभा करतो. रिव्हेटांच्या बुडाशी, दारांच्या फटींत ब्रशचं टोक टेकवलं की रंग आपोआप खाचेतून धावतो आणि सावली पडल्यासारखी होते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग घासला की कडा उजळतात. सैन्यातल्या रंगाऱ्याने जे झाकलं, ते हा उघडं करत जातो. दोन्ही कामं एकाच पृष्ठावर, एकमेकांच्या विरोधात. इथे तोल सांभाळणं सर्वांत कठीण, आणि पुष्कळ मॉडेलं इथेच फसतात: सावल्या इतक्या काळ्या होतात की छलावरण नुसती नक्षी उरते. मित्राचा हात हलका आहे. गंजही त्याने जवळपास वापरलेला नाही. कोरड्या वाळवंटात गाडी गंजाने माखलेली दाखवणं हा हौशी लोकांचा लाडका अतिरेक आहे. धूळ मात्र त्याने झापांच्या खालच्या भागापुरती आवरलीय, ते मला पटत नाही. रेषा झाकायला त्याचं मन धजलं नाही, हे स्पष्ट दिसतं.

एक प्रयोग त्याच्याबरोबर करून पाहिला. मॉडेल 30 सेंटिमीटरांवरून पाहणं म्हणजे खरी गाडी साडेदहा मीटरांवरून पाहणं. एवढ्या जवळून छलावरणाची परीक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. आठशे मीटर हवेत, म्हणजे मॉडेलपासून 23 मीटर. इमारतीच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला पिवळसर कागदापुढे मटिल्डा ठेवली आणि मागे चालत गेलो. तिथून तिची लांबी पौर्णिमेच्या चंद्राहून थोडी कमी दिसते. रिव्हेट गेले, तैलरंगाच्या सावल्या गेल्या. पिवळे तुकडे कागदात मिसळले, करडे विरले आणि उरले दोन-तीन गडद तिरपे तुकडे, ज्यांच्यावरून रणगाडा ओळखता येईना. व्हरांड्यात तापलेल्या हवेची थरथर नव्हती, हे धरूनही कॉन्टरसाहेबांना गुण द्यावेच लागतील.

युद्धाने मात्र ते दिले नाहीत. 15 जून 1941 रोजी जर्मनांच्या ताब्यातल्या, इजिप्तमधल्या हलफाया खिंडीवर ब्रिटिश फौजेने हल्ला केला. खिंडीच्या खालच्या, समुद्राकडच्या अंगाने 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आणि राजपुताना रायफल्सचे जवान पुढे सरकले. त्यांच्यासोबतच्या मटिल्डा सुरुंगांत अडकल्या. वरच्या अंगाने गेलेल्यांना जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफांनी उडवलं. या तोफा जमिनीत इतक्या खोल पुरलेल्या होत्या की नळ्या तेवढ्या जमिनीलगत वर होत्या. खिंड राखणाऱ्या जर्मन तुकडीचा प्रमुख कॅप्टन बाख युद्धापूर्वी पाद्री होता. चालणारी गाडी रंगाने कितीही फोडली तरी ती धूळ उडवते. पुरलेल्या तोफेला रंगाची गरज नव्हती.

त्या लढाईतल्या मटिल्डा चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या, आणि तिथे रणगाड्यांची नावं इंग्रजी वर्णमालेतल्या चौथ्या अक्षरावरून, ‘डी’वरून, ठेवायची रीत होती, सातव्या रेजिमेंटची ‘जी’वरून. मित्राने डब्यातली तयार नावं बाजूला ठेवून ‘डी’चं नाव स्वतः बारीक ब्रशने लिहिलंय. अक्षर किंचित जाड झालंय, पण ते तसंच राहू द्यावं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरी मटिल्डा उभी आहे. तिच्या शेजारी उभं राहिलं की 27 टन म्हणजे काय ते अंगाला कळतं, आणि ते या 16 सेंटिमीटरांत कधीच येणार नाही. त्याने पुढचं मॉडेल एखाद्या सैनिकाची आकृती शेजारी ठेवून करावं, म्हणजे ही उणीव थोडी भरून निघेल. आकृती रंगवायला तो टाळाटाळ करतो, कारण चेहरे त्याला जमत नाहीत.