ऊर्जाबचत : योजना वरच्या, मीटर गावाचा

ऊर्जाबचतीच्या सरकारी प्रयत्नांचा विचार करताना आम्हाला एक प्रश्न नेहमी पडतो : वाचलेली वीज मोजतो कोण?

संसदेने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला व मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. फ्रिज, वातानुकूलक यांवरील तारे ही त्याचीच देणगी. महाराष्ट्रात राज्य पातळीवरचे काम 'महाऊर्जा' पाहते. 'उजाला' योजनेसाठी केंद्राच्या पुढाकाराने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी झाली. त्यामुळे २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेला खरेदीचा दर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एकट्यादुकट्या नगरपालिकेला हे साधले नसते.

परंतु दिवे वाटणे म्हणजे वीज वाचवणे नव्हे. या योजनेची बचत दिव्यांची संख्या आणि वापराचे गृहीत धरलेले तास यांवरून काढली जाते. मीटर पाहून नव्हे. दिव्यांपुरते हे चालून जाईल. ६० वॅटचा दिवा काढून ९ वॅटचा लावला की काम झाले. पाणीपुरवठ्याचे तसे नाही. झिजलेला पंप, गळकी जलवाहिनी, अर्धवट उघडी झडप यांवर दरमहा कोणीतरी लक्ष ठेवावे लागते. हा माणूस स्थानिकच हवा, आणि वरून येणाऱ्या योजना नेमक्या इथेच थांबतात.

साधे गणित करू. एक लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढवण्यास २.९४ कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे ८.२ युनिट ऊर्जा लागते. मीटरवर २० युनिट पडले, तर सुमारे ६० टक्के वीज वाया गेली. काही व्यय अटळच. पण चांगल्या संचात तो निम्म्याहून कमी असायला हवा.

म्हणून आमचे म्हणणे असे : केंद्राने मोजणीची पद्धत ठरवावी, राज्याने मापके व प्रशिक्षण द्यावे, आणि मोजून सिद्ध झालेल्या बचतीचा वाटा त्याच गावाकडे ठेवावा. बिल कमी होताच अनुदानही कमी झाले, तर बचत कोण करील?

'कार्य आणि ऊर्जा' शिकवताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावाच्या टाकीची उंची, दिवसभरात चढवलेले पाणी आणि पंपाच्या मीटरची नोंद घ्यायला सांगावी. त्यातून निघणारा आकडा ग्रामसभेत मांडण्याजोगा असेल.