'स्मृतिचित्रे' आणि मनुष्यजीविताचे पावित्र्य

मनुष्य हा देवाच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून त्याचे जीवित पवित्र होय, ही ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धा असून तिचा आधार 'उत्पत्ति' या बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. ती मराठीत सांगू जाता 'पवित्र' हा शब्दच आडवा येतो. ब्राह्मणी घरात हा शब्द सोवळ्याला, पाण्याला, देवघराला लागे. जे स्पर्शापासून राखले ते पवित्र. मनुष्याकडून विटाळाचे भय तेवढे असे.

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांच्या जीविताचे मोल वाचकास पटवून देण्याचा प्रयत्न आहे. हेतूविषयी शंका नाही. परंतु त्यातील बहुतेक विधवा आपले दुःख सांगतात, सिद्धांतास पुरावा पुरवितात आणि निघून जातात. सिद्धांत उरतो, माणूस लक्षात राहत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४–३६) हा सिद्धांत फारसा कोठे मांडलेला नाही. तरीही या श्रद्धेचा मराठीतील सर्वांत खोल आविष्कार तेथेच आहे, असे म्हणावे लागते. ग्रंथाचा आरंभच सोवळ्याच्या वेडापासून होतो. सत्तावनच्या धामधुमीत नात्यातील एका पुरुषास फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना शुद्धाशुद्धतेने पछाडले. धान्यच काय, मीठसुद्धा धुवून घेण्यापर्यंत मजल गेली. वाचक हसतो, आणि टीकाकारही बहुधा हसूनच पुढे जातात. वस्तुतः येथे एक मनुष्य मारला गेला आहे, आणि त्याचा परिणाम म्हणून घरातील वस्तू धुतल्या जात आहेत. मनुष्याचे पावित्र्य भंगल्याचे दुःख वस्तूंच्या पावित्र्यात वाट शोधते, हा या विनोदाचा तळ होय.

रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. या दोन घटनांमधील वर्षे ग्रंथाचा गाभा आहेत. जातिभेद ईश्वराने केला असता तर पशुपक्ष्यांतील भेदांप्रमाणे तो डोळ्यांना दिसला असता, अशा अगदी घरगुती तर्काने त्या कोणाच्याही हातचे पाणी पिण्यापर्यंत येतात. पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा, घरात आणलेली पोरकी मुले, हे सारे त्या ज्या स्वरात सांगतात, त्याच स्वरात स्वयंपाकाची फजिती सांगतात. ज्या हातांना शिवू नये असे बाळपणी शिकविले गेले, त्यांच्याच सेवेत पावित्र्य येऊन राहिले, हे मात्र त्या बोलून दाखवीत नाहीत. हा संयम पदमनजींपाशी नव्हता.

ग्रंथाला भाबडी धर्मकथा होऊ न देणारी आणखी एक बाजू आहे. टिळकांचे औदार्य परक्यांसाठी अमर्याद होते. त्याचा भार पुष्कळदा घरच्या स्त्रीवर पडे. सर्व जीविते सारखीच मोलाची, तर पत्नीच्या जीविताचे काय, हा प्रश्न लक्ष्मीबाई विचारीत नाहीत. प्रसंग सांगून वाचकास विचारावयास लावतात. टिळकांविषयीची भक्ती आणि हा हिशेब एकत्र नांदतात. १९१७ मध्ये साताऱ्यास टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात यावेत अशी त्यांची कल्पना होती. या विशाल कल्पनेमागे चूल कोणी सांभाळली, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.