विषमांग विक्रियांचा एक ग्रंथ आणि प्रबंधाची कसोटी

रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासात संदर्भग्रंथांची वाण नाही. परंतु संशोधन कशास म्हणावे याची जाण देणारे ग्रंथ थोडेच. एल. के. दोरैस्वामी व मनमोहन शर्मा यांचा ‘हेटरोजीनिअस रिअ‍ॅक्शन्स’ हा १९८४ साली प्रसिद्ध झालेला द्विखंडात्मक ग्रंथ या थोड्यांत मोडतो. दोरैस्वामी त्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते आणि शर्मा मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक होते. प्रयोगशाळेत काम करावयाचे आणि पदवी विद्यापीठाची घ्यावयाची, ही वाट पुण्यातील अनेक संशोधक विद्यार्थ्यांनी चोखाळली आहे. त्यांच्या दृष्टीने या दोन परंपरांचा एका ग्रंथात झालेला मेळ विशेष अर्थपूर्ण होय.

ग्रंथाचा पहिला खंड घन व वायू, तसेच घन व घन यांच्यातील विक्रियांचा आहे. दुसरा द्रायूंच्या परस्परांशी व घनाशी होणाऱ्या विक्रियांचा. विश्लेषण, उदाहरणे आणि विक्रियापात्राची रचना अशी त्रयी उपशीर्षकात आली आहे. तिच्यातील मधला शब्द सर्वांत महत्त्वाचा. शर्मांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक डँकवर्ट्स यांच्या १९७० च्या ग्रंथाने वायू व द्रव यांच्या विक्रियांचा सिद्धांत नेटकेपणाने मांडला होता. प्रस्तुत ग्रंथाचा आवाका त्याहून फार मोठा आहे, आणि कारखान्यांत प्रत्यक्ष घडणाऱ्या विक्रियांना त्यात सिद्धांताच्या बरोबरीचे स्थान आहे. येथे उदाहरण हे सूत्राची शोभा वाढविण्यासाठी येत नाही. सूत्र कोठे लागू पडते व कोठे पडत नाही, हे ते ठरविते.

या दृष्टीचे मर्म एका साध्या प्रयोगावरून कळेल. सपाट पृष्ठभाग राखून ढवळल्या जाणाऱ्या द्रवात वायूचे शोषण होत आहे, आणि ढवळण्याचा वेग वाढविला तरी शोषणाचा वेग बदलत नाही, असे समजा. घाईचा विद्यार्थी म्हणेल की विक्रिया मंद आहे. ती द्रवाच्या सर्व भागांत घडते व विसरणाचा अडथळा उरलेला नाही. परंतु विक्रिया पुरेशी जलद असून पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच आटोपत असेल, तरीही हेच निरीक्षण येईल. एकाच आकड्याचे दोन अर्थ! त्यांचा निवाडा करावयाचा तर द्रवाचे आकारमान आणि पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आळीपाळीने बदलून पाहावे लागते. मंद विक्रियेत शोषण आकारमानाच्या प्रमाणात वाढते, जलद विक्रियेत क्षेत्रफळाच्या. पहिल्या निष्कर्षावरून पुष्कळ द्रव सामावणारे पात्र उभारले जाईल, दुसऱ्यावरून विस्तीर्ण पृष्ठभाग देणारा पॅक्ड कॉलम. निष्कर्ष चुकला तर भुर्दंड कारखान्यास पडतो.

सच्छिद्र उत्प्रेरकाचीही हीच कथा. कणाच्या छिद्रांतील विसरण फार मंद असेल, तर प्रयोगातून मिळणारी सक्रियण ऊर्जा खऱ्या मूल्याच्या जवळजवळ निम्मी भरते. आलेखावरील रेषा मात्र तितकीच सरळ येते. कणांचा आकार बदलून पाहिल्यावाचून हा चकवा उघडकीस येत नाही.

तथापि ग्रंथाच्या गुणातूनच त्याचा एक दोषही उद्भवतो. विक्रियांचे वर्ग पाडण्याची त्याची हातोटी इतकी पक्की आहे की, आपली विक्रिया कोणत्या कप्प्यात बसते एवढे शोधले म्हणजे संशोधन झाले, असा समज वाचकाच्या मनात रुजू शकतो. उदाहरणे बहुधा निर्णय लागल्यानंतरच्या रूपात समोर येतात. त्या निर्णयाआधी कोणते पर्याय खरे वाटले होते आणि ते कशामुळे बाद झाले, हे नवख्या वाचकाला हवे तितके दिसत नाही. जाणता मार्गदर्शक ही उणीव बोलून भरून काढील; केवळ ग्रंथावर विसंबणाऱ्याच्या वाट्याला निकाल येईल, न्यायप्रक्रिया येणार नाही.

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नव्हे. आज संगणकाच्या साहाय्याने तीन-चार स्थिरांक जुळवून कोणत्याही निरीक्षणांतून देखणा वक्र काढणे सोपे झाले आहे. अशा वेळी प्रबंधाची कसोटी वक्र किती जुळला ही नसून, दुसरे स्पष्टीकरण खोटे ठरविणारा प्रयोग केला की नाही, हीच असली पाहिजे. विभागातील मौखिक परीक्षेत हा प्रश्न आधी विचारला गेला, तर कित्येक प्रबंधांची पृष्ठसंख्या घटेल आणि मोल वाढेल.

दोरैस्वामी व शर्मा यांच्या ग्रंथाने या कसोटीची सर्व साधने पुरविली आहेत. ती वापरण्याचा आग्रह मात्र त्याने पुरेशा ठळकपणे धरलेला नाही. म्हणून तो आधी सूत्रांसाठी चाळावयाचा ग्रंथ नव्हे. त्यातील एकेका उदाहरणाशी थांबून, ‘याचा दुसरा अर्थ लागू शकतो काय?’ असे विचारीत जो तो वाचील, त्यालाच त्याचे खरे मोल कळेल.