सावजाचं वेळापत्रक

विस्कॉन्सिनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने ऑक्टोबरात एक फोटो पाठवला. काळोखात पांढऱ्या शेपटीचं हरीण, मोठा नर, मान वळवून थेट माझ्याकडे बघणारा. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. खाली पट्टी : तारीख, रात्रीचे २.१४, तापमान, चंद्राची कला. "शेजारी शिकारी आहे, त्याच्या ट्रेल कॅमेऱ्यातला," दादाने लिहिलं. "असे शेकडो आहेत." मी सगळे मागवले आणि दोन रात्री बघत बसले.

फोटो म्हणून ते विलक्षण आहेत. कुणी चौकट जुळवलेली नाही. कुठे नुसती पाठ, कुठे लेन्सला टेकलेलं ओलं नाक. सप्टेंबरात नर झाडाच्या सालीवर शिंगं घासतात, तेव्हा मखमलीच्या चिंध्या लोंबत असतात, तेही आहे. पोझ नावाची गोष्टच नाही.

पण शेजारी हे काहीच बघत नाही. तो खालची पट्टी वाचतो. नर कुठल्या वाटेने, किती वाजता, कुठल्या वाऱ्यात येतो? नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात मचाण कुठे बांधायचं, ते त्यावर ठरतं. आपण कुणाचं 'लास्ट सीन' बघतो, तसंच. फक्त इथे समोरच्याला ते बंद करता येत नाही.

या फोटोंचा पूर्वज म्हणजे जॉर्ज शिरास. त्या काळी मिशिगनमध्ये रात्री होडीत उजेड ठेवून शिकार चालायची. उजेडात हरणाचे डोळे चमकले की गोळी. शिरासने होडी आणि उजेड तसाच ठेवला, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे दोरी ताणून ठेवली : प्राण्याचा धक्का लागला की फ्लॅश. १९०६च्या जुलैत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याचे ७४ फोटो छापले. फ्लॅशच्या स्फोटाने उधळलेली हरणं त्यांत आहेत. ती दचकतात, म्हणजे कुणीतरी आहे हे त्यांना कळतं. आजच्या इन्फ्रारेडमध्ये हरीण सहसा दचकतही नाही. शिरासने बंदुकीकडून घेतलेलं तंत्र आपण बंदुकीला परत केलंय.

शिकाऱ्यांची बाजूही आहे. आधी बघितलं की कोवळे नर सोडून देता येतात, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. तरी २०२२पासून ॲरिझोनाने शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांवर बंदी घातली. त्या कोरड्या मुलखात पाणवठे मोजके. तिथे कॅमेरा लावला की प्राण्याला लपायला तहानेशिवाय दुसरा पर्याय उरत नाही. शिकारीच्या नीतीत सावजाला निसटायची खरी संधी हवी. फोटोत मला तीच कमी होताना दिसते.

हंगाम संपल्यावर दादाला विचारलं, त्या नराचं काय झालं? शेजाऱ्याला तो नऊ दिवसांत एकदाही दिसला नव्हता. जानेवारीत नवा फोटो आला : पहाटेचे ३.४०, बर्फ, एक शिंग गळलेलं. मला फार आनंद झाला. मग लक्षात आलं, तो जिवंत आहे हे मलाही त्याच कॅमेऱ्याने सांगितलंय, आणि मीही आधी पट्टीच वाचली होती.