प्रेक्षकाचे काम : सोलापूर परिसरातील दाद आणि सहभाग

समोर बसलेल्या माणसाने काय करायचे, हे प्रत्येक कलाप्रकारात ठरलेले असते. कीर्तनात गजर करायचा, तमाशात फर्माईश करायची, नाटकात अंधारात गप्प बसून नेमक्या जागी हसायचे. कोणत्या गावचा प्रेक्षक रसिक आणि कोणता थंड, अशी चर्चा नाट्यवर्तुळात नेहमी चालते, पण ती फारशी उपयोगी नाही. तोच माणूस सकाळी यात्रेत घसा बसेपर्यंत ओरडतो आणि संध्याकाळी नाट्यगृहात टाळी वाजवायलाही संकोचतो. फरक त्याच्या स्वभावात नसतो, त्याला दिलेल्या कामात असतो. सोलापूर जिल्ह्यात ही सगळी कामे एका वर्षात पाहायला मिळतात.

यांतले सर्वांत स्पष्ट काम सिद्धेश्वर यात्रेत दिसते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी ही यात्रा सोलापूरकरांच्या तोंडी ‘गड्डा’ असते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह व्हावा असा हट्ट एका कुंभारकन्येने धरला आणि त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह झाला, अशी कथा आहे. तिची आठवण म्हणून दरवर्षी हा सोहळा होतो. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज शहरातील अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात. दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी परिसर भरून जातो. संमतीचे वाचन सुरू होते आणि ‘सत्यम सत्यम’ हे शब्द आले की अक्षता पडतात. मागे उभ्या असलेल्यांना कट्टा दिसत नाही. ते कानांवर विसंबून हात उंचावतात आणि त्यांच्या अक्षता पुढच्याच्या टोपीवर पडतात. त्याने काही बिघडत नाही. इथे कोणी प्रेक्षक नसतो, सगळे वऱ्हाडी असतात, आणि वऱ्हाडाशिवाय लग्न लागत नाही. मिरवणुकीत एकाने हाळी द्यायची आणि हजारोंनी ‘हर्र बोला हर्र’ म्हणायचे, हाही त्याच कामाचा भाग. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात त्या हाळीला भाषांतर लागत नाही.

पंढरपूरकडे गेले की काम अधिक कसबाचे होते. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात, शेजारी विणेकरी आणि मृदंगवादक. पण खरी परीक्षा समोरच्या श्रोत्यांची असते. कीर्तनकार निरूपणाच्या ओघात एखाद्या अभंगाचे प्रमाण देतो, चरणाचा अर्धा भाग म्हणतो आणि थांबतो. उरलेला अर्धा समोरून यायला हवा. तो आला नाही तर निरूपणाचा तोल जातो. चातुर्मासात चंद्रभागेच्या वाळवंटात बसणाऱ्या जुन्या श्रोत्याकडे अशा प्रमाणांचा मोठा साठा असतो आणि चुकीचे प्रमाण दिले गेले तर त्याच्या कपाळावर आठी उमटते. ही दाद टाळीपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण तिच्यासाठी पाठांतर लागते. अलीकडे गाजणाऱ्या विनोदी कीर्तनांत हे पाठांतर अनावश्यक झाले आहे. सासू-सून, मोबाईल, लग्नातला खर्च यांवरच्या टोल्यांना हसता आले की पुरते. गर्दी वाढली, यात शंका नाही. मात्र प्रमाण पुरे करणारा श्रोता आणि विनोदाला हसणारा श्रोता यांची योग्यता एक नाही.

रिंगणात तर पाहणे आणि करणे यांच्यामध्ये रेघच नसते. ज्ञानेश्वरांच्या पालखीची गोल रिंगणे याच जिल्ह्यात, पुरंदवडे, खुडूस फाटा, बाजीराव विहीर अशा ठिकाणी होतात. अश्व धावतो तोवर लोक कडे करून पाहतात. तो गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी झुंबड उडते, आणि मग फुगड्या, पावल्या, उडीचे खेळ सुरू होतात. नुसते छायाचित्र घ्यायला आलेला माणूस तेवढ्या वेळापुरता अडचण होऊन राहतो.

लावणीचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी सोलापूरचेच. त्यांनी लावणीही रचली आणि कीर्तनही केले, म्हणजे दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना ते पुरते ओळखून होते. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात सोंगाड्या प्रेक्षकाशी थेट बोलतो, त्याची टोपी उडवतो, त्याच्या गावाची खोडी काढतो. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात तर समोरचा जमावच पंच असतो. दौलतजादा हा या नात्याचा दुसरा चेहरा. नोट पुढे करायची, फर्माईश सांगायची, नर्तकीने नोट घेऊन देणाऱ्याचे नाव पुकारायचे. मोडनिंबसारख्या ठिकाणच्या कला केंद्रांत, संगीतबारीच्या बैठकीत, हा व्यवहार हातभर अंतरावर होतो. त्यात दाद असते आणि मालकीचा माजही असतो. पारखी माणूस अदाकारीतल्या एका भुवईवर पैसे ठेवतो. बाकीचे आपले नाव पुकारले जावे म्हणून. दौलतजाद्याला निव्वळ रसिकतेचे लक्षण मानणारे लेखन ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरते.

अकलूजला १९९३ पासून भरू लागलेल्या लावणी स्पर्धेने हे नाते बदलले. परीक्षक आले, गुण आले, आणि एरवी लावणीकडे न फिरकणारा कुटुंबवत्सल प्रेक्षक आला. कलावंतांना प्रतिष्ठा मिळाली, हे मोठेच काम झाले. मात्र निवाडा परीक्षकांच्या टेबलाकडे गेला आणि समोरच्या प्रेक्षकाकडे टाळ्या-शिट्ट्या तेवढ्या उरल्या.

नाट्यगृहाबद्दल थोडक्यात सांगता येते. १९३१ साली फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या स्मरणार्थ उभ्या असलेल्या हुतात्मा स्मृती मंदिरात मुंबई-पुण्याची नाटके येतात आणि मालिकांतल्या ओळखीच्या चेहऱ्याच्या प्रवेशालाच टाळ्या पडतात. वाक्य उच्चारण्याआधीच मिळालेली ही दाद प्रसिद्धीला असते, अभिनयाला नव्हे. संगीत नाटकाच्या काळातला ‘वन्स मोअर’ निदान गाणे ऐकून झाल्यावर दिला जाई. चित्रपटगृहात तर पडद्यावरच्याला दाद ऐकूच जात नाही. तरीही २०१६ साली, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला तेव्हा ‘झिंगाट’ सुरू होताच लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले. त्या गाण्यात प्रेक्षकासाठी काम होते आणि त्याने ते न सांगता ओळखले.

खरी पडझड मिरवणुकांत आहे. सोलापूरच्या गणेशोत्सवात लेझीमला मोठा मान. हलगी-ताशाच्या ठेक्यावर डाव बदलतात, त्यासाठी मुले आधी कित्येक दिवस रात्री सराव करतात. रस्त्याकडेला उभा असलेला जुना खेळाडू डाव चुकला तर तिथूनच ओरडतो. ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या तशी ही देवाणघेवाण थांबली. आवाज इतका की शेजाऱ्याशी बोलता येत नाही, हाळी द्यावी तर स्वतःलाच ऐकू येत नाही. मग हात वर करून जागेवर उड्या मारणे आणि मोबाईल उंच धरणे, एवढीच दोन कामे उरतात. ‘तरुणांना हेच हवे’ असे आयोजक सांगतात. पण संक्रांतीला बाराबंदी घालून कट्ट्याकडे जाणारे आणि नंदीध्वजाला खांदा देणारेही तरुणच असतात.

या भिंतींवरचा वाद मात्र जवळजवळ पूर्णपणे आवाजाच्या पातळीवर अडकला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि राज्य सरकारला वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. पोलीस डेसिबल मोजतात, मंडळे वेळ वाढवून मागतात. आवाज कमी केला तरी तो यंत्राचाच राहतो, आणि मिरवणुकीतल्या माणसाला काय करायला द्यायचे हा प्रश्न परवानगीच्या कोणत्याही अर्जात नसतो. ज्या मंडळांनी लेझीम टिकवले, त्यांनी तो प्रश्न अर्ज भरायच्या कितीतरी आधी, सरावाच्या मैदानात सोडवलेला असतो.