पदावरची 'चाल' आणि काही हिपहॉप तबकड्या

आमच्या घरी आजोबांच्या वेळची संगीत नाटकांची पुस्तके अजून आहेत. पाने पिवळी पडली आहेत, उलटताना कडा तुटतात. पण प्रत्येक पदाच्या डोक्यावरची एक ओळ मात्र ठळक वाचता येते. 'चाल' हा शब्द, आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे नाव. आपण कुठून काय घेतले हे सांगण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांना कमीपणा वाटला नाही, आणि 'सौभद्र' पाहायला जमलेल्या मंडळींनाही आपली फसवणूक झाली असे वाटले नाही. उलट ओळखीची चाल नव्या तोंडून ऐकण्यात एक निराळीच गोडी असावी.

ही पुस्तके पुन्हा उघडायला कारण झाला गेल्या दिवाळीतला एक वाद. भाचीने फराळाच्या वेळी हिपहॉपची एक रेकॉर्ड लावली. आमचे एक स्नेही पाहुणे म्हणून आले होते. गाण्यातले जाणकार, कान तयार, आणि जीभही. दहा मिनिटे त्यांनी सोसले आणि मग म्हणाले, "अहो, यात यांचे स्वत:चे आहे काय? सूर एकाचे, ठेका दुसऱ्याचा, आणि वर नुसते बोलणे!" भाची गप्प बसली. मीही बसलो, फराळाच्या ताटावर वाद घालायचा नाही असा आमच्या घरचा दंडक आहे. वर्षभर मनात घोळलेले उत्तर आता लिहितो, आणि त्या निमित्ताने माझ्या आवडत्या तबकड्यांची शिफारसही करून टाकतो. ज्यांना ही आवड आधीच जडली आहे त्यांनी माझ्या निवडीशी भांडावे. ते भांडण मला प्रिय आहे.

स्नेह्यांचा आरोप वस्तुत: खोटा नाही. ही कला जन्मली तीच मुळी दुसऱ्यांच्या तबकड्यांतून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कँपबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे हवेत म्हणून नाचाचा जलसा केला. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. पुढे जग त्याला डीजे कूल हर्क म्हणू लागले. गाणारा थांबतो आणि नुसता ड्रमचा ठेका उरतो, त्या जागेची नाचणारे वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. बैठकीत तबलजीला लग्गी वाजवायला मोकळीक मिळाली की लोक कसे सरसावून बसतात ते आठवावे. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून ती जागा लांबवत नेली. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवरचा सुरू. त्या लांबलेल्या ठेक्यावर पुढे कोणी यमके जुळवून बोलू लागले. सारा पसारा एवढ्यातून वाढला.

तेव्हा प्रश्न 'घेतले का' हा नाही. घेऊन केले काय, हा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत खेळकर उत्तर म्हणजे डे ला सोल या त्रिकुटाची १९८९ ची 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'. लाँग आयलंडवरची तीन तरुण पोरे आणि त्यांचा सूत्रधार प्रिन्स पॉल यांनी घरातल्या सगळ्या रेकॉर्डी जमिनीवर पसरल्या असाव्यात असे ती ऐकताना वाटते. ओटिस रेडिंगची शीळ आहे, स्टीली डॅनचा तुकडा आहे. टेलिव्हिजनवर मुलांना तीनचा पाढा शिकवणाऱ्या गाण्यावरून एक अख्खे गाणे उभे केले आहे. नावसुद्धा जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यावरून घेतलेले! मधूनमधून प्रश्नमंजूषेचा एक पोरकट खेळ चालू राहतो. आजोळच्या माळ्यावर मुलांना सोडावे आणि संध्याकाळी त्यांनी खाली येऊन नाटक करून दाखवावे, तसा हा प्रकार आहे. घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून ऐकावी अशी एकच रेकॉर्ड निवडायची तर मी हीच निवडीन.

पण याच रेकॉर्डीचे पुढे हाल झाले. टर्टल्स या जुन्या मंडळींच्या एका गाण्याचा तुकडा तीत होता. त्यांनी दावा लावला आणि तो पैसे देऊन मिटवावा लागला. १९९१ च्या डिसेंबरात बिझ मार्की या दुसऱ्या गायकाविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात जो निकाल लागला त्याचा आरंभच न्यायाधीशांनी चोरी न करण्याच्या बायबलातल्या आज्ञेने केला. तेव्हापासून लहानसहान तुकड्यालाही परवानगी आणि पैसा लागू लागला. (मार्कीने आपल्या पुढच्या तबकडीचे नाव ठेवले 'ऑल सँपल्स क्लिअर्ड!', विनोदबुद्धी शाबूत असावी ती अशी.) एका तबकडीत कित्येक तुकडे विणण्याची ती पद्धत सामान्य खिशाला परवडेनाशी झाली. डे ला सोलचे जुने करार तर संगणकावरून गाणी ऐकवण्याच्या काळाच्या आधीचे. वर्षानुवर्षे ही तबकडी नव्या माध्यमांवर मिळतच नव्हती. अखेर ३ मार्च २०२३ रोजी ती तिथे आली. तिघांपैकी डेव्हिड जोलिकूर त्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला वारला. मुलांच्या पाढ्याचे ते गाणे त्यानंतर मी हसत ऐकू शकलेलो नाही.

मग कायदा चुकला काय? इथे मला स्नेह्यांच्या बाजूने बोलावे लागते. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' गाजले. त्यात आपल्या लताबाईंचा आवाज आहे; १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातले, बप्पी लाहिरींनी बांधलेले गाणे तिथे जवळजवळ सबंध वाजते. पण लाहिरींचे नाव रेकॉर्डीवर नव्हते. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले, आणि नाव घातल्याखेरीज विक्री करू नये असा हुकूम झाला. मला हा हुकूम रास्त वाटतो. पदाच्या डोक्यावर 'चाल' छापायला विसरलात, एवढेच न्यायालयाने सांगितले.

आता ज्या दोन तबकड्यांवर माझा विशेष जीव आहे त्यांच्याकडे वळतो. पहिली, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांची १९९१ ची 'द लो एंड थिअरी'. सुरुवातीलाच आर्ट ब्लेकीच्या जॅझ रेकॉर्डीतला मोठ्या बेसचा खर्ज ऐकू येतो, आणि क्यू-टिप सांगू लागतो की माझे हिपहॉप ऐकून वडिलांना त्यांच्या तरुणपणचे बीबॉप आठवले. पुढे एका गाण्यात तर प्रत्यक्ष रॉन कार्टर बेस वाजवायला आले आहेत, माइल्स डेव्हिसच्या संचातले कार्टर. घेतलेल्या तुकड्यापासून थेट त्या पिढीच्या माणसापर्यंत पोचणे याहून सुंदर ऋणफेड कोणती असेल? आवाज कमी ठेवून ऐकली तर ही रेकॉर्ड निम्मी हरवते. खर्ज छातीत जाणवला पाहिजे.

दुसरी, नाझची 'इलमॅटिक', १९९४. वय वीस, क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळींतला मुलगा, आणि अवघी चाळीस मिनिटे. तुरुंगातल्या मित्राला पत्रे लिहावीत तसे एक गाणे आहे. बाहेर कोण गेले, कोणाला मूल झाले, हे सारे तो बेताच्या शब्दांत कळवतो. दुसऱ्या एका गाण्याच्या शेवटी हलकेच कॉर्नेट वाजू लागते. वाजवणारे ओलू डारा हे नाझचे वडील. मुलगा आयुष्याच्या नश्वरतेबद्दल कडवट बोलून थांबला आहे, आणि बाप एक अक्षर न बोलता त्यावर फुंकर घालतो. एवढ्यासाठीसुद्धा ही तबकडी घ्यावी. भाषा मात्र रस्त्यावरची आहे, तेव्हा मुले झोपल्यावर.

लॉरिन हिलची १९९८ ची 'द मिसएज्युकेशन' बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. हजेरी चालू आहे, लॉरिनचे नाव पुकारतात आणि ती गैरहजर. मग गुरुजी वर्गातल्या मुलांना प्रेम म्हणजे काय ते विचारतात. गाण्यांपेक्षा मला ती मुलेच अधिक आठवतात. जे डिलाच्या 'डोनट्स'मध्ये तर रचलेले काव्य जवळजवळ नाहीच; जुन्या गाण्यांचे एकतीस छोटे तुकडे, पहिल्याचे नाव 'समाप्ती' अशा अर्थाचे आणि शेवटच्याचे स्वागताचे. ७ फेब्रुवारी २००६, त्याचा बत्तिसावा वाढदिवस, त्या दिवशी ती निघाली. दहा तारखेला तो गेला.

नव्यांपैकी केंड्रिक लामारची 'टु पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) मोठी आहे यात शंका नाही. एक कविता तबकडीभर ओळीओळीने वाढत जाते, आणि अखेर १९९६ साली मारल्या गेलेल्या टुपॅकशी, त्याच्या जुन्या मुलाखतीतले बोल घेऊन, संवाद होतो. कल्पना थरारक आहे. तरी खरे सांगायचे तर सव्वा तासाहून अधिक चालणाऱ्या या रेकॉर्डीने मधल्या भागात मला दमवले. लंडनच्या लिटल सिम्झची 'समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट' (२०२१) तेवढीच महत्त्वाकांक्षी असून मला अधिक जवळची वाटते. बापाविषयी ती ज्या सुराने बोलते त्यात राग आहे, कीव आहे, आणि लेकीचा हट्टही.

आणि आपल्याकडचे? मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळींचे २०१९ चे 'द वारली रिव्होल्ट' भाचीने ऐकवले. आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात आपल्या सुरात गातात, आणि एमसी मावली मराठीत जंगलतोडीवर तुटून पडतो. इथे भोईर हे कुणा जुन्या तबकडीतला तुकडा नाहीत. समोर उभे राहून गाणारे आहेत. पुढच्या वर्षी आलेली त्याच मंडळींची 'चेतावनी' अनेक भाषांत आहे. सगळी सारखी रंगली नाही, पण मराठी उच्चाराला हा वेग पेलतो का, ही माझी शंका मावलीने दूर केली.

स्नेह्यांना यंदाही फराळाला बोलावले आहे. त्यांच्यासाठी मी 'लो एंड थिअरी' काढून ठेवली आहे. रॉन कार्टरचे नाव आधी सांगायचे की नंतर, एवढेच ठरायचे आहे. भाचीचे म्हणणे, आधी डे ला सोल लावा, आणि सूर कुणाकुणाचे ते त्यांनाच ओळखू द्या.