गोवामुक्तीचे आकाश

‘ऑपरेशन विजय’च्या अनेक वर्णनांत वायुदलाची कामगिरी विमानयुद्ध म्हणून रंगविली जाते. ही संज्ञा सदोष आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तेव्हा गोव्यात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते. स्पर्धा होती ती मार्गांची. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोव्यास जाणारी वाट या मुलखाच्या जुन्या परिचयाची. १९५४-५५च्या नाकेबंदीने अशा वाटा आवळल्या गेल्या, तेव्हा पोर्तुगीज सत्तेने आकाशाचा आश्रय केला. दाबोळीचा विमानतळ, १९५५ मध्ये सुरू झालेली तेथील विमानसेवा व तिने कराचीशी जोडलेला दुवा ही या कोंडीचीच अपत्ये होत. सार्वभौमत्वाचा तंटा भूमीवरून आकाशात गेला तो असा.

विजयकथा मात्र बाँबच मोजीत बसते. विमानतळाची इमारत राखून धावपट्टी तेवढी निकामी करण्याची आज्ञा होती, हे तीत ओझरते येते. आणि त्याच रात्री त्या फुटक्या धावपट्टीवरून दोन विमाने निसटून कराचीस पोचली, हा प्रसंग तर केवळ चुटक्यापुरता उरतो. वस्तुतः वादाचे खरे स्वरूप तेथेच उघड होते. त्या विमानांत शस्त्रे नव्हती, अधिकाऱ्यांची कुटुंबे होती.